आठशे चांदवे

४ जाने. ८२, सोम.

परातीत काळे उडीद. ह्यांनी मूठभर फेकायचे, मी एक नजर टाकून आकडा सांगायचा, मग दोघांनी बसून मोजायचे. पहिल्या दिवशी माझा अंदाज निम्म्यावर होता, आज जवळजवळ बरोब्बर. डॉ. वर्तकांनी सांगितलेली युक्ती: एकेक मोजू नका, दहा दाण्यांचा एक घास डोळ्यांत धरा आणि तो परातभर वाढत जा. विमानातून पाखरं अशीच मोजतात म्हणे. सासूबाई वैतागल्या. "उडदाचं घुटं करायचं सोडून हा काय खेळ मांडलाय?"

डॉक्टर गेल्या आठवड्यात इथे कर्जतला आमच्या शाळेत आले होते. मुंबईचे, सगळं आयुष्य पाखरांमागे गेलेलं. एका सकाळपुरतं लहान विमान मिळालंय. कर्जत-खालापूरची तळी वरून बघायची, पाणपक्षी किती ते मोजायचं. "पाखरं म्हणजे तळ्याची नाडी," म्हणाले. नाडी लागली तर तळं जिवंत. नेहमीचा मोजणारा पाय मोडून बसलाय. "बाई, तुम्ही दर हिवाळ्यात मुलांना घेऊन तळ्यांवर जाता. तुम्हीच चला." कसं, कुठून, केव्हा, काही विचारायच्या आत मी हो म्हणून बसले. चाळिशी आली तरी उतावळेपणा जात नाही.

ह्यांना भारी मजा वाटतेय. "घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन चालवतो मी, आणि बायको आभाळात!"

८ जाने., शुक्र.

मधल्या सुट्टीत दादा शाळेत. माहेराहून, वडतळ्याहून सायकल मारत आलेला, घामाघूम. आधी वाटलं वैनीला काही झालं. तसं नव्हतं, तळ्याचंच.

खालापूरच्या मामलेदार कचेरीत काल पुन्हा बोलावणं होतं. गावाचं म्हणणं, नाल्यावरच्या कारखान्याचं पाणी तळ्यात उतरतं. फेस येतो, मासा उलटा होतो, म्हशी तोंड लावत नाहीत, वालाचा वेल पिवळा पडतो. कारखान्याचा माणूस म्हणाला, पाणी उत्तम आहे, दर हिवाळ्यात पाखरं येतात, विचारा कुणालाही. साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले, भांडता कशाला, डॉक्टरांचं विमान येतंच आहे. पाखरं असली तर पाणी चांगलं. नसली तर नाल्याचं तोंड बंद करायला लावतो. दोन्हीकडच्यांनी मान डोलावली.

"कुसे, आता तूच वरनं बगनार म्हंजी काय पायजेल! खाली आमी बगून बगून डोळं गेलं. दोन सालं झाली, पाखरू नाय."

मला पोहायला दादानेच शिकवलं, ह्याच तळ्यात, कमरेला सुका भोपळा बांधून. शाळेतल्या बाकीच्या बायांसमोर मोठ्याने म्हणाला, "आमची कुसुम खोटं बोलनार नाय." सगळ्या हसल्या. मीही.

१४ जाने., गुरु. संक्रांत.

वडतळ्याला गेले. वैनीने वर्षभराची काळी झालेली मडकी अंगणाबाहेर काढून ठेवलेली, नवी चुलीजवळ. घरोघर तेच. दुपारी कातकरवाडीवरून जानी पाटी घेऊन आली, दारोदारची जुनी मडकी गोळा करत. तिची आई आमच्याकडे भात लावायला यायची, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या.

"एवढी मडकी कशाला गं, जाने?"

"लागत्यात नागूला."

नागू तिचा नवरा. कशाला लागतात ते मला ठाऊक आहे. गावातही सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, तशी रीत आहे. तिळगूळ दिला.

"इमानात बसनार म्हनं तू? वरून आमची वाडी दिसंल का?"

"दिसेल की."

"मंग मी बांधावरून हात हलवीन. बगशील ना गं?"

१७ जाने., रवि.

संध्याकाळ. अजून घर हलतंय.

काल रात्री मुंबईला नणंदेकडे मुक्काम, पहाटे विमानतळावर. विमान एवढंसं, एस.टी.च्या नाकाएवढं. पुढे कॅप्टन आणि डॉक्टर, मागे डाव्या खिडकीशी मी. मी ओरडून आकडा सांगायचा, डॉक्टर टेपवर बोलणार. कॅप्टनने मला एक कागदी पिशवी दिली आणि डॉक्टरांकडे बघून हसला. "लेडीजना लागतेच." तिथेच माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, मरेन पण ही पिशवी वापरायची नाही.

कर्जतच्या अलीकडचं पहिलं तळं झकास झालं. बदकांचा थवा उठला, पंखांतली पांढरी पट्टी सगळ्यांची एकदम दिसली. दहाचा घास, घासावर घास. डॉक्टर मागे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही तर जन्माला आलात त्या ह्याच कामाला." हवेत होतेच, आणखी हवेत गेले. दुसऱ्या तळ्यावर बगळेच बगळे, तेही नीट.

मग डोंगराकडून वारा आला. विमान आपटायला लागलं, त्यात कॅप्टन एका पंखावर गोल गोल घेणार. आमच्या वडतळ्याचा बांध दिसला, देवळाचा कळस दिसला, बांधावर रंगीत ठिपके, माणसं असणार. लव्हाळ्याच्या कोपऱ्यात काळे काळे दाट ठिपके. चांदवे, मनात आलं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, घोळक्याने बसतात. टिळा काही दिसला नाही. तेवढ्यात पोटातलं गळ्याशी आलं आणि मी डोळे गच्च मिटले.

"बाई, आकडा?"

कोपऱ्यात पाच-सहा घास पाहिले होते. तळं केवढं ते मला पाठ. तोच घास डोळे मिटून तळंभर वाढत गेले.

"आठशे. चांदवे."

आवाज खणखणीत. डॉक्टर "वा!" म्हणाले आणि टेपवर बोलले. मग पिशवी. पदर तोंडावर घेऊन, आवाज न करता. इंजिनाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. उतरल्यावर पिशवी पर्समध्ये कोंबून आणली, नणंदेच्या मोरीत धुतली पर्स.

पुढची तळी बरी झाली. अंदाजच तर असतो शेवटी.

एक आत्ता सुचलं. विमान डोक्यावर आलं की चांदवे पाण्यावरून पाय आपटत धावत सुटतात. हे हलले नाहीत. असू दे. झोपते.

१८ जाने., सोम.

हेडसरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे उभं केलं. टाळ्या. मुलींनी विचारलं, बाई भीती वाटली का, बाई उलटी झाली का? म्हटलं, छे, उलटी कसली! पाचवी ब मधली एक म्हणाली, मी पण मोठी होऊन विमानात बसून मोजणार. तिला जवळ घेतलं.

उलटीत लाज वाटण्यासारखं काय होतं? हे रोज घाटातून घामाने-तेलाने माखून येतात, त्यांना लाज नाही. पण त्या कॅप्टनचं हसणं...

२३ जाने., शनि.

दादा घरी आला. आत येईना, ओट्यावरच बसला. चहा दिला तो बशीत ओतून तसाच थंड केला.

डॉक्टरांचा आकडा कचेरीत पोचला. काल वाचून दाखवला. वडतळे, आठशे. कारखान्याचा माणूस टेबलावर थाप मारून म्हणाला, झालं समाधान? साहेब गावकऱ्यांना म्हणाले, उगाच चालत्या उद्योगाला नाट लावू नका, चार तारखेला शेवटचं ऐकून प्रकरण मिटवतो. गावातले लोक दादाला बाहेर काय काय बोलले. दादानेच त्यांना महिनोन्महिने नेलं होतं तिथे, कामं बुडवून.

मला वाटलं आता विचारेल. कुठे होती आठशे, दाखव. भांडेल. मी उत्तरं जुळवून बसले होते: पहाटे येत असतील, लव्हाळ्यात असतील, खालून दिसत नसतील.

काहीच विचारलं नाही. सायकलला हात घालताना म्हणाला, "तू मोजलंस नव्हं? मंग आसतील गं. आमालाच बगता येत नाय."

त्याने मारली असती तर बरं झालं असतं. पहिल्यापासून तो मला सांगत आला, पाण्यात डोळे उघडे ठेव कुसे, डोळे मिटले की माणूस बुडतो.

२४ जाने., रवि.

सकाळच्या गाडीने पळसदरी, तिथून चालत वडतळे. घरी न जाता थेट बांधावर.

तळं रिकामं. एक खंड्या तारेवर, बस. पाण्याला साबणासारखा वास, कडेला पिवळट फेस. आणि लव्हाळ्याच्या कोपऱ्यात मडकी. उपडी, काळी, एकमेकांना टेकून तरंगत. वैनीचं कोणतं तेही ओळखता आलं असतं.

खाली बसले बांधावर. मला! मला कळू नये? लहानपणी जानी आणि मी ह्याच बांधावर पोटावर पडून नागूच्या बापाची शिकार बघायचो. आठ-आठ दिवस मडकी पाण्यावर सोडून द्यायची. पाखरं बिचकेनाशी होतात, मडक्यांच्या घोळक्यात येऊन बसतात. मग म्हातारा एक भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळाभर पाण्यात उतरायचा, हळूहळू सरकायचा, आणि पाण्याखालून पाय धरून बदक ओढायचा. एक पाखरू गेलं तरी शेजारच्याला पत्ता नाही. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. परक्या माणसाने फसावं म्हटलं तर ठीक, मी संक्रांतीला त्याच मडक्यांशेजारी तिळगूळ वाटला होता.

जानीने वाडीवरून पाहिलं, आली. बसली शेजारी.

"येक बी पाखरू नाय बसलं गं औंदा. नुसती मडकी तरंगत्यात. आदी चार-दोन तरी घावायची. नागू परवा पान्यात उतरला त सगल्या आंगाला पुरळ. खाजवून खाजवून रगत."

मी काडीने कडेचा फेस बाजूला सारत बसले.

"तुजं इमान गेलं तवा मी हात हलवला, लुगड्याचा पदर काढून हलवला. दिसली का मी?"

"दिसलीस की."

खूश झाली. वाडीवरच्यांना सांगायला निघून गेली. मी माझ्याच तोंडाकडे बघू शकले नसते, आरसा नव्हता ते बरं.

पाखरं नव्हती म्हणून मडकी दिवसच्या दिवस तिथेच राहिली. आणि मी तीच मडकी पाखरं म्हणून वाढली. आठशेपर्यंत.

२६ जाने., मंगळ.

झेंडावंदन. पुन्हा टाळ्या, कुणी पाहुणा आला होता त्याला हेडसरांनी विमानाचं सांगितलं. मी हसले, नमस्कार केला. निर्लज्ज.

सांगायचं तर काय? चूक झाली म्हटलं तर डॉक्टरांचं नाक कापलं जाणार. पुन्हा कुणा बाईला विमानात बसवणार नाहीत, कॅप्टन सगळीकडे हसत सांगणार. मडक्यांचं सांगितलं तर बदकं मारायला बंदी आहे, जंगलखातं वाडीवर जाणार. न सांगावं तर नाला वाहणार तसाच. डोकं फुटायची वेळ आली. गप्प बसायला कारणं कशी भराभर मिळतात, एवढी हुशारी त्या दिवशी खिडकीत कुठे गेली होती?

ह्यांना सांगितलं शेवटी. सगळं. उलटीसकट. जेवता जेवता ऐकलं. मग म्हणाले, "सिग्नल दिसला नाही तर आम्ही गाडी उभी करतो. दिसला असेल असं धरून कुणी पुढे काढत नाही."

"मला शिकवू नका."

"शिकवत नाही. गाडी अजून उभी करता येते, एवढंच म्हणतो."

रागाने भांडी आपटली. राग त्यांचा नव्हता.

३१ जाने., रवि.

दादाला सांगितलं. शेतावर, वालाच्या कडेला. आधी उलटीचं, मग डोळे मिटल्याचं, मग मडक्यांचं. एवढं बोलायला किती आडवळणं घेतली.

तो उकिडवा बसून माती चोळत होता. मग म्हणाला, "म्हंजी मी आंदला नाय."

"नाहीस रे दादा."

"गावानं मला येडा ठरवला, कुसे. मी बी मला ठरवला."

मी पाया पडले. त्याने पाय मागे घेतले. रडायला आलं. रडले नाही, आपल्या करणीला रडून सुटका नको.

मग ठरलं: चार तारखेला मी कचेरीत उभी राहून सांगायचं. डोळे मिटले होते, आकडा खोटा. मडक्यांचा शब्द काढायचा नाही, वाडीला त्यात ओढायचं नाही. दादा "बरं" म्हणाला. दोनदा विचारलं. दोनदा "बरं."

४ फेब्रु., गुरु. खालापूर.

लिहायलाच नको वाटतंय. पण लिहिते.

खोली भरलेली. टेबलापलीकडे साहेब, बाजूला जंगलखात्याचा एक. कारखान्याचे दोघं. डॉक्टर मुंबईहून आलेले, आकड्यामागे उभं राहायला. गावचे पंधरा-वीस, दादा पुढे. मी उभी राहिले.

सांगितलं. विमान कललं, खाली काळं काही दिसलं, तेवढ्यात मला मळमळलं, मी डोळे मिटले आणि आकडा मनाने सांगितला. तो धरू नये.

क्षणभर कुणाला कळेचना. मग कारखान्याचा माणूस हसला. "म्हणजे बाई, डोळे मिटून मोजणी? उंटावरून शेळ्या हाकतात ऐकलं होतं, तुम्ही त्याही पुढे!" खोली हसली. गावचे लोकही हसले. डॉक्टर नाही हसले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, उलटी होतेय एवढंच सांगायचं होतंत. आपण पुन्हा एक गिरकी घेतली असती."

एक गिरकी! एवढंच होतं ते! जमीन दुभंगावी म्हणतात ते काय, ते आज कळलं.

साहेबांनी विचारलं, "पण डोळे मिटायच्या आधी काळं काही दिसलं म्हणता. ते काय होतं?"

"सांगता येत नाही."

"पक्षी होते?"

"नव्हते."

"कशावरून?"

कारखान्याचा माणूस लगेच उठला. "बघा साहेब, आता भावाने पढवून आणलंय. काळं दिसलं हे कबूल, पक्षी नव्हते हे कशावरून तर सांगता येत नाही. आठशे नसतील, सातशे धरा!"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. जानी डोळ्यांसमोर होती, पदर हलवणारी.

मागून दादाचा आवाज. "मडकी व्हती सायेब. कातकऱ्यांची. बदकं धरायला सोडत्यात. आजून हायत तिथंच, चला दावतो."

जंगलखात्याच्या माणसाने मान वर केली आणि वाडीचं नाव विचारलं. दादाने सांगितलं. नागूचं पण.

साहेब म्हणाले, असं असेल तर पुन्हा मोजणी, पाखरं परतायच्या आत. तोवर निकाल नाही. गावच्या लोकांनी दादाच्या पाठीवर थापा मारल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरं म्हणाला होतास."

"मंग तू बोलायचंस. तू गप ऱ्हायलीस."

६ फेब्रु., शनि.

वैनीकडून कळलं. काल दोन गार्ड वाडीवर आले. मडकी पाण्यातून ओढून बांधावर फोडली, सगळी. घराघरात शिरून पाहिलं, नागूचं जाळं नेलं, त्यालाही नेलं. दिवसभर उन्हात बसवला, संध्याकाळी सोडला. पुन्हा बोलावणार म्हणे. अंगावरच्या पुरळाचं कुणी विचारलं नाही.

दादाशी कडाक्याचं भांडण. तो म्हणाला, "तलं ऱ्हायलं तर वाडी ऱ्हाईल. पानी मेल्यावर नागू काय धरनार हाय, फेस?" खरं आहे. म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, कारखान्याच्या माणसाला आपण काही करू शकलो नाही, नागूला शेवटी आपणच धरून दिला. तो म्हणाला, "आपन नव्हं. तू. त्या दिशी डोळं उघडं ठेवलं आसतंस तर मडक्यांचं नाव कशाला निगालं आसतं?"

आले परत.

११ फेब्रु., गुरु.

डॉक्टर शाळेत आले. हेडसर आता त्यांना माझ्यासमोर चहा देतात पण मला विचारत नाहीत. पाचवी ब मधली ती मुलगी वऱ्हांड्यात भेटली, खाली बघून गेली. तिचं बरोबर आहे.

विमान मिळालं, रविवारी. ह्या वेळी फक्त वडतळे आणि शेजारचं एक. पाय मोडलेला मनुष्य अजून बरा नाही. "तुम्ही याल का?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणाले, "खोटा आकडा कसा बाहेर पडतो ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तसं माणूस मला बरं वाटेल. उजवीकडे मी बसतो, दोघं मोजू." मग थांबून, "वाडीचं वाईट झालं. मी जंगलखात्याला भेटतोय. होईल न होईल, माहीत नाही."

हो म्हटलं. ह्या वेळी विचारून: पिशवी कुठे ठेवायची, किती फेऱ्या, कोणत्या बाजूने.

१३ फेब्रु., शनि.

वाडीवर गेले. नणंदेकडे मुक्कामाला जायच्या आधी.

बांधावर खापऱ्या. काळ्या, उन्हात. पायाखाली येऊ नयेत म्हणून कडेकडेने चालले.

जानी घरापुढे लाकडं फोडत होती. बघितलं मला, थांबली नाही. नागू आत, अंगाला कसला तरी पाला बांधलेला. मी उभीच.

"जाने, मी नाव नाही घेतलं."

"म्हाइत हाय. तुज्या भावानं घेतलं."

कुऱ्हाड खाली.

"वरून दिसली ती मडकीच व्हती, ह्ये त्याला कुणी सांगितलं गं? मी त तसं काय बोलले नव्हते. तू बसलीवतीस बांधावर, मी आपली पाखरं नाय म्हनून रडगानं गायले."

"मी सांगितलं."

मान हलवली, हिशेब जुळला तसं. कुऱ्हाड उचलली. मी म्हटलं, चुकलं माझं. तिने लाकूड उभं केलं, फोडलं. मी म्हटलं, दुसरं पण एक. त्या दिवशी विमानातून तू मला दिसली नव्हतीस. डोळे मिटलेले होते माझे. दिसलीस म्हणाले ते खोटं.

ह्यावर थांबली. मडक्यांपेक्षा ह्याचंच जास्त लागलं बहुतेक. चेहऱ्यावरून दिसलं.

"वाडीत समद्यांना सांगितलं मी," म्हणाली. "कुसुमतायनं मला वरून वलकली म्हनून."

एक कोंबडी आमच्या मधून गेली. निघताना म्हटलं, उद्या सकाळी पुन्हा जातेय. ह्या वेळी नीट बघेन.

"बग," म्हणाली. "मी न्हाय हात हलवनार."

नणंदेकडे आलेय. सकाळी काही न खाता निघायचं, आलं चघळायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. जागा डाव्या खिडकीशीच मागून घेतलीय. बांध त्याच बाजूला येतो.